अठरा रविवार

गेल्या दिवाळीत याच पानावर मी एक वेळापत्रक छापले होते. जुन्या वाचकांना ते आठवत असेल. आठवत नसेल तर माझ्यावर उपकारच आहेत. निवृत्त माणसाने आपला दिवस कसा बांधावा, या विषयावर मी मोठ्या अधिकाराने लिहिले होते. पहाटे साडेपाचला उठणे, मेहरूण तलावाकडे एक फेरी, नऊ वाजेपर्यंत मोबाइलला हात न लावणे, दुपारची झोप मोजून वीस मिनिटे, संध्याकाळी दोन तास सलग वाचन आणि रात्री रोजनिशीचे एक पान. लेख पुष्कळांना आवडला. पाचोऱ्याच्या एका भगिनींनी कळवले की, लेख कापून त्यांनी यजमानांच्या दाढीच्या आरशाला चिकटवला आहे. त्या यजमानांची मी या ठिकाणी मनापासून क्षमा मागतो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझे सातच भरले.

आठव्या दिवशी पहाटे थंडी होती. नवव्या दिवशी थंडी नव्हती, पण आदल्या दिवसाची सवय होती. फेरी गेली, तिच्यामागे रोजनिशी गेली. झोप तेवढी टिकली आणि वाढलीही. वाचनाचे तर विचारूच नका. पुस्तक उघडावे, दीड पान व्हावे आणि खिशातल्या यंत्राने ‘टिंग’ करावे. कोणा स्नेह्याने गुलाबाच्या चित्रासह ‘शुभ सकाळ’ पाठवलेली असते, संध्याकाळी सहा वाजता. ती पाहावी, तिथून सोन्याच्या भावाकडे जावे (आम्ही जळगावकर; घ्यायचे नसले तरी भाव पाहिल्यावाचून आम्हांला अन्न गोड लागत नाही), तिथून कुठल्याशा वाघाने मगरीशी केलेली झटापट पाहावी, आणि पुस्तकाकडे परत यावे तो स्वयंपाकघरातून ताटे मांडल्याचा आवाज यावा. दोन तास झालेले असत. पान दीडच.

आमच्या घरी ही काही बोलली नाही. फ्रिजच्या दारावर मी डकवलेले वेळापत्रकही तिने काढले नाही. फक्त समासात दुधाचा हिशेब लिहायला सुरुवात केली, आणि डिसेंबरपर्यंत तो हिशेब समास ओलांडून ‘सलग वाचन’ या ओळीवरून पलीकडे गेला.

एवढी कबुली देऊन मी यंदाचे पान संपवले असते. पण फेब्रुवारीत धुळ्याहून माईचा फोन आला.

माई म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. चौतीस वर्षे तिने प्राथमिक शाळेत शिकवले. ती वर्गाकडे निघाली की शिपाई घड्याळ न पाहता घंटा देत असे, असे तिचे जुने विद्यार्थी सांगतात. यजमान गेले, मुलगा पुण्याला. देवपुरातल्या घरात ती आणि तिच्या सोबतीला राहणाऱ्या एक बाई, अशी दोघीच असतात.

“बापू,” ती म्हणाली, “मला आता वाचता येत नाही.”

काचबिंदू. हा रोग मोठा सभ्य असतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी गळत नाही. आतला दाब नजरेच्या कडा हळूहळू खात येतो, आणि समोरचे स्पष्ट दिसत असल्यामुळे माणसाला आपले काही गेले आहे हे कळतच नाही. कळते तेव्हा जग नळीतून पाहावे तेवढे उरलेले असते. गेलेली नजर कोणत्याही औषधाने परत येत नाही; उरलेली राखता येते, ती रोज ठरल्या वेळी थेंब घालून. माईची एक नजर जवळजवळ गेली होती आणि दुसऱ्या डोळ्याने तिला ओळीतले एक-दोन शब्द दिसत; पुढचे शोधेपर्यंत मागचे हरवत.

“‘गीता प्रवचने’ घेऊन ये,” ती म्हणाली. “अठरा अध्याय आहेत. अठरा रविवार. ज्या गावात ती सांगितली गेली, त्या गावात जन्म गेला, पण एकदाही सलग वाचून झाली नाहीत. शाळा सुटल्यावर वाचू म्हटलं, ती सुटली. घरातलं सगळं मार्गी लागल्यावर वाचू म्हटलं, तेही लागलं. आता तू वाच.”

“फोनवरून वाचून दाखवू का?” मी विचारले.

“फोनवर तू काय काय करतोस ते मला माहीत आहे. इथे ये. सकाळी दहाला बसायचं. खाडा चालणार नाही.”

त्या पुस्तकाची हकीगत तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल, तरी ती इथे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९३२ साली, कायदेभंगाच्या चळवळीत, विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी सोबतच्या कैद्यांपुढे गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केले आणि १९ जूनच्या रविवारी अठराव्या. मी कॅलेंडर मांडून मोजले. अठरा अध्याय, बरोबर अठरा रविवार, मध्ये एक खाडा नाही. श्रोत्यांत जमनालाल बजाज होते, गुलझारीलाल नंदा होते, आणि साने गुरुजी होते. गुरुजी ऐकता ऐकता झरझर लिहून घेत. त्यांनी लिहिले म्हणून ते बोलणे त्या भिंतींबाहेर आले. पुढे किती भाषांत गेले ते सर्वांना ठाऊक आहे.

मला मात्र त्या अठरा रविवारांपेक्षा त्यांच्याआधीच्या एका हिशेबाने जास्त विचारात पाडले. विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली ७ ऑक्टोबर १९३० रोजी आणि पुरी केली ६ फेब्रुवारी १९३१ रोजी. मोजून १२३ दिवस. श्लोक सातशे. सरासरी काढली तर दिवसाला सहासुद्धा पडत नाहीत! आणि ज्याने आयुष्यात सहा ओळी सलग केल्या नव्हत्या, त्या मी पहिल्याच दिवशी दोन तासांची प्रतिज्ञा केली होती. उलट बाजूही आहे, नाही असे नाही. तेच साने गुरुजी पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात होते आणि ‘श्यामची आई’ त्यांनी ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ अशा पाच दिवसांत लिहून काढली. पण तो पूर होता, आणि त्या पुरामागे आयुष्यभर साठलेले पाणी होते. आपल्यासारख्यांनी पुराचा आदर्श ठेवू नये. आपली पाळी रहाटाची.

तर फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी सातच्या एस.टी.ने निघालो. एरंडोल, पारोळा करीत गाडी साडेनऊच्या सुमारास धुळ्यात पोहोचते. माई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेली होती. इस्त्रीचे पातळ, समोर दुसरी खुर्ची, मध्ये तिपाईवर पाण्याचा तांब्या. मी पहिला अध्याय वाचला. आवाज माझा बरा आहे. शाळेत बक्षीसही मिळाले आहे. संपल्यावर तिने मान हलवली.

“सुरेख वाचलंस. आता सांग, काय वाचलंस?”

वाचकहो, मला चार वाक्ये सांगता आली नाहीत. तोंड वाचत होते. मी स्वतः परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा धरत होतो. मधून एकदा घरी जाऊन विजेचे बिलही भरून आलो होतो. अडुसष्टाव्या वर्षी थोरल्या बहिणीपुढे कान धरून उभे राहायचे तेवढे बाकी राहिले.

“पुढल्या वेळी पान संपलं की थांबायचं,” ती म्हणाली, “आणि आपल्या शब्दांत सांगायचं. मगच पान उलटायचं. आणि ते खिशातलं इकडे दे.”

यजमानांचा पितळी पानाचा डबा तिने काढून ठेवला होता. त्यात माझा मोबाइल गेला, डब्याला झाकण लागले आणि डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर गेला. वाचताना मधूनमधून फळीवर रातकिडा ओरडल्यासारखा आवाज येई. पहिल्या दोन रविवारी माझे बूड प्रत्येक आवाजाला खुर्चीवरून दोन अंगुळे उचलले जात असे. माईला ते दिसत नव्हते, पण खुर्चीची करकर ऐकू येई. “बस,” एवढेच ती म्हणे.

धुळ्याला मी बैठकीचे गाव म्हणतो. इतिहासाचार्य राजवाडे या गावी ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे उभे राहिले. खेडोपाडी पायपीट करून दप्तरे गोळा करायची आणि मग त्यांच्यासमोर ठाण मांडायचे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्यातून झाले. शंकरराव देवांनी याच गावी बसून समर्थांचे वाङ्मय आयुष्यभर धुंडाळले. अशा गावात मला एक तास धड बसता येऊ नये, याची लाज वाटत होती. पण लाज वाटल्याने माणूस सुधारतोच असे नाही. माझा अनुभव तर असा की, लाज वाटून घेतली की काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि करायचे राहून जाते.

एक रविवार लग्नात गेला. तो मी आधी सांगून घेतला होता, आणि माईने नाइलाजाने मान्य केला होता. पुढे सहाव्या अध्यायाची पाळी आली. शनिवारी रात्री मला आठवले की, रविवारी दुपारी साडेतीनला क्रिकेटचा सामना आहे आणि धुळ्याहून परत येईतो त्याचा निम्मा भाग निघून गेलेला असेल. सकाळी साडेसहाला मी माईला फोन केला. म्हणालो, आज गाड्या बंद आहेत, वाटेत कुठेसे आंदोलन आहे म्हणतात.

“बरं,” ती म्हणाली.

सामना मी पाहिला. कोण जिंकले ते आज मला आठवत नाही.

त्याच्या पुढल्या रविवारी दार सोबतीच्या बाईंनी उघडले. त्यांनी मला आत घेण्याआधीच अहिराणीत सुनावले, “मायनी तुमनी कितली वाट दखी!” गाड्या बंद असल्या तरी उशिराने एखादी सुटेल, म्हणून माई त्या दिवशी साडेनऊपासून बारा वाजेपर्यंत खुर्चीवर बसून होती. पातळ बदलले नव्हते, जेवली नव्हती.

मी आत जाऊन बसलो. माई म्हणाली, “मागच्या रविवारी शेजारचा मुलगा जळगावहून आला. सातच्या बसने.” आणि पुस्तक माझ्याकडे सरकवले.

मला पुस्तक उघडता येईना. मी सरळ सांगून टाकले. सामना होता म्हणून आलो नाही, आंदोलन वगैरे काही नव्हते. ती रागावेल, असे मला वाटले. खरे म्हणजे तिने रागवावे अशी माझी इच्छा होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बापू, मी दोन वर्षं थेंब घातले नाहीत.”

मला आधी समजलेच नाही.

“डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेकाने बाटल्या आणून दिल्या. रोज रात्री त्याचा फोन यायचा, आई, थेंब घातलेस का? घातले रे बाबा, म्हणायची. कधी घालायची, कधी नाही. पुढे पुढे नाहीच. महिनाअखेर बाटली भरलेली दिसू नये म्हणून मोरीत रिकामी करायची.”

“पण का?”

“दुखत नव्हतं ना,” ती म्हणाली. “चाळीस पोरं समोर बसलेली असली की मी घड्याळासारखी चालायचे. लोक म्हणायचे, बाईंची शिस्त! ती माझी होती कुठे, त्या पोरांची होती. पोरं गेली आणि घड्याळ थांबलं. एकटीने, कोणी बघत नसताना, न दुखणाऱ्या डोळ्यात थेंब घालणं मला जमलं नाही.”

आता थेंब सोबतीच्या बाई घालतात. बाईंना लिहिता-वाचता येत नाही. बाटल्या त्या झाकणाच्या रंगावरून ओळखतात. एक वेळ चुकलेली नाही.

त्या दिवशी आम्ही सहावा अध्याय वाचला. विनोबांनी तो सांगितला २७ मार्च १९३२ रोजी, आणि विषय नेमका हाच : चित्ताची एकाग्रता. माणूस ध्यानाला म्हणून डोळे मिटून बसतो आणि मन बाजारात फिरून येते, हे त्यांनी तिथे असे सांगितले आहे की मला कोणी पाळतीवर होते की काय असे वाटले. मी काही अध्यात्मातला माणूस नव्हे, आणि त्यातल्या ध्यानयोगाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण त्यात एक शब्द आहे, परिमितता, त्याच्यापाशी आम्ही दोघे तासभर थांबलो. औषध जसे मोजून घेतात, तसे आहार, निद्रा, बोलणे, पाहणे, सगळेच मोजून घ्यावे, असा त्याचा आशय. मन आवरायला बसू नका. आधी जगणे आखडते घ्या, मग मनाला पळायला वाव कमी राहील. अभ्यास आणि वैराग्य यांचे त्यांनी केलेले वर्णनही अगदी शेतातले आहे : एकाने तण उपटायचे, दुसऱ्याने बी पेरायचे. माझ्या गेल्या वर्षीच्या वेळापत्रकात सगळे पेरणेच होते. तण एक उपटले नव्हते.

माई म्हणाली, “ते तुरुंगात होते, त्यांना सोपं. भिंत सरकारने बांधून दिली होती.”

ती विनोदाने म्हणाली, पण परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी त्याचाच विचार करीत होतो. तुरुंगात असलेल्या प्रत्येकाने काही गीता सांगितली नाही. भिंत पुरेशी नसते, हे उघडच आहे. तरी आपल्या घरांना भिंत म्हणून राहिलेली नाही, हेही खरे. पूर्वी दारावर कोणी आले तर कडी वाजे. आता सारे गाव, सारा बाजार आणि वाघ-मगरी उशाशी येऊन बसतात, कडी न वाजवता. आणि या सगळ्यांशी मी माझ्या ‘निर्धाराने’ लढायचे ठरवले होते!

बहिणाबाई आमच्या जळगावच्या. जन्म असोद्याचा, १८८० सालचा. अक्षरओळख नव्हती, गाणी ओठांवर, ती मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी उतरून घेतली म्हणून १९५२ साली, त्या गेल्याच्या पुढल्या वर्षी, पुस्तक निघाले. मनाला त्यांनी उभ्या पिकात शिरणाऱ्या ओढाळ गुराची उपमा दिली आहे. हाकलले तरी ते फिरून पिकावर येते. ज्याने शेत राखले आहे त्याला या उपमेतली गंमत अधिक कळेल. गुराला उपदेश करून उपयोग नसतो, आणि शेतकरी रात्रभर काठी घेऊनही उभा राहू शकत नाही. तो कुंपण घालतो. बाभळीच्या काट्यांचे का होईना, पण घालतो. आणखी एक गोष्ट मला या वर्षात जाणवली. ती गाणी जात्यावर, शेतावर, हात कामात असताना सुचलेली आहेत. हात गुंतलेले असले की मन फार लांब जात नाही. माझे हात रिकामे असतात, म्हणून ते सारखे खिशात जातात.

मी काय केले ते सांगतो. फार मोठे नाही. घरी एक जुना साखरेचा डबा होता. संध्याकाळी सहा ते सात मोबाइल त्यात आणि डबा स्वयंपाकघरात हिच्या ताब्यात. दोन तास नव्हे, एकच. त्या एका तासात पुढल्या रविवारचा अध्याय आधी एकदा वाचायचा, पान संपले की थांबायचे आणि ते तोंडाने हिला सांगायचे. पहिले काही दिवस भाजी निवडता निवडता ही नुसते हूं हूं करीत असे. एकदा मी एक मुद्दा गाळला, तर म्हणाली, “काल तर तुम्ही याच्या उलट सांगितलं होतं.” तेव्हापासून मला तयारी करावी लागते. शनिवारी रात्री नऊला अंथरुणावर, कारण सातची बस कोणाची वाट पाहत नाही. मेमध्ये पारा पंचेचाळिसाला टेकला तेव्हा परतीच्या गाडीत खिडकीचा गज हाताला भाजत असे, पण खाडा केला नाही. जूनमध्ये एक रविवार तापाने गेला. खरोखरच्या तापाने, हिने माईला स्वतः फोन करून साक्ष दिली. माझ्या शब्दाची पत तेवढीच उरली होती.

एक गोष्ट मात्र साधली नाही, तीही नोंदवतो. मुलाचा मुलगा बारावीला आहे. मला एका तासाचे यश आल्याबरोबर मी त्याच्यासाठी डबा घेऊन गेलो. “आजोबा,” तो म्हणाला, “माझा सगळा अभ्यास त्याच्यातच आहे,” आणि ते खोटे नव्हते. मी रागावलो, दोन दिवस अबोला झाला. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांनी पसारा केला तर ते ओरडत नसत. मुले शाळेत गेली की स्वतः खोल्या आवरत, कपड्यांच्या घड्या करून ठेवत. मुलांसाठी रोज हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढत, रोजच्या रोज. मुले परत येऊन पाहत आणि वरमत. हे मला पाठ होते. दहा व्याख्यानांत सांगितलेही आहे. नातवाच्या खोलीत शिरताना मात्र आठवले नाही. अजून तो मला टाळतो. संध्याकाळी सहाला माझा डबा वाजतो तेव्हा दारातून एकदा डोकावून जातो, एवढेच.

अठरावा अध्याय जुलैच्या दुसऱ्या रविवारी संपला. विनोबांचे अठरा आठवड्यांत झाले. मला एकवीस लागले. शेवटचे पान वाचून मी थांबलो आणि सवयीने सांगू लागलो, तर माई म्हणाली, “आज मी सांगते.” आणि तिने पहिल्या अध्यायापासून सुरुवात केली. तासावर वेळ गेला. मधली किती वाक्ये तिला जशीच्या तशी आठवत होती! दुसरा डोळाही आता मिणमिणता झाला आहे. त्या दिवशी तिने मला चेहऱ्याने ओळखले की पायांच्या आवाजाने, हे मी विचारले नाही. ती बोलत असताना फळीवर रातकिडा दोनदा ओरडला. मला तो नंतर आठवला.

निघताना तिने पितळी डबा माझ्या पिशवीत घातला. “साखरेच्या डब्याला मुंग्या लागतात,” म्हणाली. “आणि डोळे दाखवून घे. भावंडांना असण्याचा संभव जास्त, डॉक्टर म्हणाले. मला दाखवल्याची चिठ्ठी हवी. तुझ्या तोंडचं चालणार नाही.”

ऑगस्टमध्ये दाखवले. उजव्या डोळ्यात दाब वाढलेला आहे. नजर अजून शाबूत. दुखत तर मुळीच नाही. रोज रात्री नऊ वाजता एक थेंब, जन्मभर. खालची पापणी ओढायची, थेंब टाकायचा, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरायचा. चिठ्ठी धुळ्याला नेऊन दिली. सोबतीच्या बाईंनी ती देवाच्या फोटोमागे ठेवली. रविवारी आता आम्ही दुसरे पुस्तक घेतले आहे, त्याविषयी पुन्हा केव्हातरी. फ्रिजच्या दारावरचे वेळापत्रक हिने शेवटी काढून टाकले आणि दुधाच्या हिशेबासाठी कोरा कागद लावला. त्याच्या डोक्यावर लाल शाईने एकच ओळ आहे : ‘९ — थेंब.’

संपादकांनी हा मजकूर आज रात्रीच मागितला आहे, आणि पाचोऱ्याच्या यजमानांसाठी आणखी दोन शब्द लिहायचे मनात होते. पण पितळी डब्यातून गजर वाजू लागला आहे, आणि ही बाटली घेऊन खुर्चीमागे उभी आहे.